रॅकेट आपटली जाते तेव्हा आत काय चाललेलं असतं? टेनिसमधला राग आणि मनाचं आरोग्य

२०२५ च्या यूएस ओपनचा पहिला राउंड. रशियाचा डॅनिल मेदवेदेव पहिले दोन सेट हरलाय, तिसऱ्यात ४-५ ने मागे आहे आणि समोर फ्रान्सचा बेंजामिन बोंझी मॅच पॉइंटवर (हा एक पॉइंट जिंकला की सामना त्याचा) सर्व्ह करतोय. पहिली सर्व्ह चुकली, आता दुसरी आणि शेवटची टाकणार तेवढ्यात एक फोटोग्राफर भलत्याच वेळी कोर्टात शिरला. खेळ थांबला म्हणून अंपायरने बोंझीला परत पहिली सर्व्ह दिली आणि इथे मेदवेदेवचं डोकं फिरलं. अंपायरशी भांडला, कॅमेऱ्यासमोर जाऊन बोलला, हातवारे करून प्रेक्षकांना आणखी चेकाळवलं, सहा मिनिटांहून जास्त वेळ स्टेडियममध्ये नुसता आरडाओरडा आणि बिचारा बोंझी बॉल हातात घेऊन उभा. गंमत म्हणजे तो मॅच पॉइंट वाचला, मेदवेदेवने तो सेट टायब्रेकमध्ये काढला, चौथा तर ६-० ने जिंकला आणि मग पाचव्यात हरला. हरल्यावर बाकावर रॅकेट आपटत बसला. एकूण दंड ४२,५०० डॉलर.

अशा क्लिपखाली तीन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. काही म्हणतात "माज आलाय, बॅन करा", काहींना करमणूक झाल्याचा आनंद, आणि काहीजण अगदी सहज लिहून जातात की याचं डोकं ठिकाणावर नाही, याला डॉक्टरकडे न्या. मी पण बरीच वर्षं पहिल्या गटात होतो. पण या विषयावर जसजसं वाचत गेलो, खेळाडू स्वतः काय सांगतात ते ऐकत गेलो तसतसं लक्षात आलं की राग आणि मानसिक आरोग्य या दोन गोष्टींची आपण पार खिचडी करून टाकलीये आणि त्यात ज्यांना खरंच मदत हवी असते त्यांच्याकडे आपलं लक्षच जात नाही. म्हणून हा लेख.

राग हा आजार नाही

इथूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ इथे आहे.

राग ही भावना आहे, भूक किंवा भीतीसारखी. आपलं काहीतरी हिरावलं जातंय, अन्याय होतोय, किंवा जे जमायला हवं ते जमत नाहीये असं वाटलं की राग येतो. सगळ्यांना येतो. मानसिक आरोग्य म्हणजे त्यापेक्षा मोठी गोष्ट, म्हणजे रोज झोप लागते का, खावंसं वाटतं का, ज्या कामात मजा यायची त्यात अजून येते का, माणसं जवळ हवीशी वाटतात का, एखादा धक्का बसला तर त्यातून आपण पुन्हा उभे राहतो का. डिप्रेशन म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही, आठवडेच्या आठवडे मन जड राहणं, कशातच राम न वाटणं. आणि अँग्झायटी म्हणजे धोका समोर नसतानासुद्धा शरीर सतत "काहीतरी होणार आहे" या तयारीत अडकून पडणं.

म्हणजे एखादा खेळाडू रॅकेट तोडून संध्याकाळी मजेत जेवून शांत झोपू शकतो, आणि दुसरा आवाज न चढवता सामना जिंकून हॉटेलच्या खोलीत रात्रभर छताकडे बघत पडलेला असू शकतो. टीव्हीवर आपल्याला पहिला दिसतो. दुसरा दिसत नाही.

मग रागाचा मनाच्या आरोग्याशी काहीच संबंध नाही का? आहे. डिप्रेशन आलं की माणूस फक्त रडतो असं नाही, तो चिडचिडा पण होतो, छोट्याशा गोष्टीवर भडकतो, आणि हे पुरुषांच्या बाबतीत पटकन ओळखू येत नाही कारण आपण म्हणतो स्वभावच तसा आहे. त्यामुळे माझ्या मते बघायची गोष्ट राग किती मोठा आहे ही नाही, तो राग कुणाकडे वळतो ती आहे. रॅकेटकडे, अंपायरकडे, आपल्याच कोचकडे, की स्वतःकडे? पुढचा सगळा लेख याच प्रश्नाभोवती आहे.

पंचवीस सेकंदांत शरीरात काय होतं

मेंदूत आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. याला घरातला धुराचा अलार्म समजा. धूर आगीचा आहे की कुणी नुसती उदबत्ती लावलीये हे तो तपासत बसत नाही, आधी बोंबलतो. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग हा घरातला शहाणा माणूस, तो येऊन बघतो आणि म्हणतो "काही नाही, उदबत्ती आहे, बंद कर". अडचण एवढीच की अलार्म क्षणात वाजतो आणि शहाण्या माणसाला जिना उतरून यायला वेळ लागतो. आणि तो थकलेला असेल, तीन तास पळालेला असेल, अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, तर अजून उशिरा येतो.

तोपर्यंत अॅड्रेनलिन सुटलेलं असतं. हृदय धडधडतं, स्नायू आवळतात, नजर अरुंद होते. पळायला किंवा मारामारी करायला हे एकदम बरोबर आहे, पण टेनिसची दुसरी सर्व्ह टाकायला अगदी चुकीचं. सर्व्हला मनगट सैल लागतं, बॉल वर टाकताना हात हलका लागतो. रागात हात आवळला की टॉस इकडेतिकडे जातो, डबल फॉल्ट होतो (दोन्ही सर्व्ह चुकून पॉइंट जातो), त्याने अजून राग येतो आणि चक्र सुरू.

आणि वेळ किती? दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद. बाजू बदलताना ९० सेकंद. एवढ्यात शांत व्हायचं, पुढचा पॉइंट कसा खेळायचा ते ठरवायचं आणि खेळायचं. तुम्हाला घरी कुणाशी भांडण झाल्यावर मन ताळ्यावर यायला किती वेळ लागतो ते आठवून बघा.

पण राग तर सगळ्याच खेळात येतो, टेनिसचंच एवढं काय

हा आक्षेप रास्त आहे. पण टेनिसची रचनाच अशी आहे की राग साचत राहतो आणि बाहेर जायला वाटच नाही.

फुटबॉलमध्ये राग आला तर पुढच्या टॅकलला जोरात धावता येतं, बॉक्सिंगमध्ये तर विचारूच नका. क्रिकेटमध्ये आउट झालात तर ड्रेसिंग रूममध्ये जाऊन टॉवेलात तोंड खुपसून बसता येतं. टेनिसमध्ये वाईट शॉट मारलात तर तिथेच उभं राहायचं आणि २५ सेकंदांत पुढचा मारायचा. बदली खेळाडू नाही. घड्याळ पण नाही, म्हणजे दहा मिनिटं कशीतरी काढली की संपेल असं होत नाही, शेवटचा पॉइंट कुणीतरी जिंकेपर्यंत सामना चालू. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालला, शेवटचा सेट ७०-६८. हे टोकाचं उदाहरण आहे मान्य, पण बाहेर पडायचा दरवाजा नाही ही गोष्ट पहिल्या राउंडच्या साध्या मॅचलाही तितकीच लागू आहे.

त्यात मॅचचा बहुतेक वेळ बॉल खेळात नसतोच. चालणं, टॉवेल, बॉल निवडणं, बसणं. हा सगळा वेळ माणूस स्वतःच्या डोक्यात एकटा असतो आणि मघाचा सोपा फोरहँड नेटमध्ये कसा गेला ते परत परत बघत असतो. कोर्टाबाहेरच्या कोचला सल्ला देण्याची अधिकृत मुभा तरी अलीकडची आहे, पुरुषांच्या स्पर्धांत २०२२ पासून प्रयोग सुरू झाले आणि २०२५ पासून ती खेळाच्या मूळ नियमांत आली. त्याआधी वर्षानुवर्षं समोर आपला माणूस बसलाय आणि तो बोलू शकत नाही अशी अवस्था होती.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हरणं. रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात एक आकडा सांगितला होता तो मला विसरता येत नाही. कारकिर्दीत १५२६ सिंगल्स सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले. आणि पॉइंट किती टक्के जिंकले? फक्त ५४. म्हणजे या खेळातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाने जवळपास दर दुसरा पॉइंट घालवलाय. आता विचार करा, एखाद्या नोकरीत तुमचं जवळपास अर्धं काम दर मिनिटाला हजारो लोकांसमोर चुकीचं ठरतंय आणि ठरल्याबरोबर आकडा मोठ्या अक्षरात फळ्यावर लागतोय. ५४ टक्केवाल्याची ही गत, मग ४९ टक्केवाल्याचं काय.

राग बाहेर काढला की बरं वाटतं ना, मग तोडू दे की रॅकेट

हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खोटं असेल असं वाटतच नाही. मनात साठवू नको, मोकळा हो, उशीला चार ठोसे मार. पण मानसशास्त्रात हे तपासून बघितलंय आणि निकाल उलटा आलाय. अमेरिकेतले संशोधक ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात आधी लोकांना चिडवलं, मग काहींना ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे शांत झाले नाहीत, उलट जास्त चिडले, आणि काहीच न करणारे सगळ्यात कमी चिडलेले निघाले. २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, दहा हजारांहून जास्त माणसं. तिथेही तेच, ज्याने शरीराची धडधड कमी होते (श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं) त्याने राग उतरतो आणि नुसता बाहेर काढल्याने उतरत नाही.

मग रॅकेट तोडणाऱ्याला बरं का वाटतं? वाटतं खरं, क्षणभर. पण मेंदू त्यातून शिकतो की चिडलं की आपटायचं, आणि पुढच्या वेळी कमी कारणावर आपटतो. मार्कोस बगदातिसने २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वावरिंकाविरुद्ध एकाच ब्रेकमध्ये चार रॅकेट तोडल्या. चार. त्यातल्या दोन तर प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढल्या नव्हत्या, बॅगेतून काढायची, आपटायची, टाकायची, पुढची काढायची. पहिल्या रॅकेटने राग निघून गेला असता तर चौथीची गरज पडली नसती. आणि गोरान इव्हानिसेविच तर २००० साली ब्रायटनच्या स्पर्धेत सगळ्या रॅकेट तोडून बसला, खेळायला एकही उरली नाही म्हणून सामना सोडावा लागला.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही जणांना राग उपयोगी पडतो. मेदवेदेवने त्या गोंधळानंतर दोन सेट काढलेच की. जुना अमेरिकन चॅम्पियन जॉन मॅकेन्रोबद्दल पण हेच म्हणतात की भांडला की त्याचा खेळ चढायचा. राग म्हणजे पेट्रोल, सुस्तावलेल्या शरीराला एकदम जाग येते, समोरच्याची लय तुटते. पण हे पेट्रोल पटकन जळतं आणि पाचव्या सेटला टाकी रिकामी असते. सवय म्हणून वापरायचं इंधन ते नाही.

नियम रागाकडे कसं बघतात

थोडक्यात सांगतो कारण हे बऱ्याच जणांना माहीत असतं. शिवी, रॅकेट आपटणं, बॉल रागाने भिरकावणं, अंपायरला अपशब्द, यातलं काही केलं की कोड व्हायोलेशन म्हणजे आचारसंहितेचा भंग. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक पॉइंट जातो, तिसऱ्यांदा अख्खा गेम, आणि त्यापुढे सामन्यातून बाहेर काढायचं की नाही ते रेफरी ठरवतात. फारच गंभीर असेल तर या पायऱ्या न चढता थेट बाहेर. मॅकेन्रोला १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधून मात्र पायऱ्या चढूनच काढलं, तेव्हा चार पायऱ्यांची पद्धत बदलून नुकतीच तीनची केली होती आणि त्याला वाटत होतं आपल्याकडे अजून एक संधी शिल्लक आहे.

नियमाला हेतू कळत नाही, परिणाम कळतो. २०२० च्या यूएस ओपनमध्ये जोकोविचने गेम हरल्यावर वैतागून खिशातला बॉल मागे मारला, कुणाला लागावा असं त्याच्या मनात नव्हतं, तो लाईन जज (बॉल आत पडला की बाहेर ते बघणाऱ्या) बाईंच्या गळ्यावर बसला आणि जोकोविच स्पर्धेतून बाहेर. मला हा निर्णय बरोबरच वाटतो. पण नियमांची एक उणीव दिसते ती ही, की राग दुसऱ्या माणसावर किंवा वस्तूवर निघाला तर त्याची नोंद होते. स्वतःवर निघाला तर?

नोव्हेंबर २०२३, ट्यूरिनमधली एटीपी (पुरुष टेनिसपटूंची संघटना) फायनल्स. रशियाचा आंद्रे रुब्लेव्ह अल्काराझविरुद्ध हरत होता. त्याने रॅकेट जमिनीवर आपटली नाही, स्वतःच्या गुडघ्यावर मारली. पुन्हा मारली. पुन्हा. गुडघ्यातून रक्त येईपर्यंत. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच राउंडला हरताना परत तेच. रॅकेट तोडणं आणि हे यात माझ्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लोकांनी दोन्ही क्लिप सारख्याच हसत शेअर केल्या. रुब्लेव्हने नंतर मोकळेपणाने सांगितलं की तो डिप्रेशनमधून गेलाय, औषधं पण घेतली होती. कोर्टाबाहेर तो टूरवरच्या सगळ्यात गोड मुलांपैकी एक समजला जातो, दुसऱ्याला दुखवायचं त्याच्या स्वभावातच नाही. ज्याला दुसऱ्यावर ओरडता येत नाही तो कधीकधी सगळा हिशोब स्वतःशीच चुकता करतो.

ऑस्ट्रेलियाच्या निक किरियोसचं उलटं. त्याचा राग जगाला दिसायचा, २०१९ मध्ये सिनसिनाटीच्या एका सामन्यासाठी त्याला १,१३,००० डॉलर दंड झाला. पण त्याच वर्षी तो आतून किती मोडला होता, स्वतःला इजा करत होता, आयुष्य संपवण्याचे विचार येत होते हे त्याने २०२२ मध्ये स्वतः लिहिलं तेव्हा कळलं. तोपर्यंत सगळे त्याला फक्त "बॅड बॉय" म्हणत होते. (तुमच्या ओळखीत कुणी स्वतःला इजा करत असेल तर तो "राग" म्हणून सोडून देऊ नका, त्याच्याशी बोला आणि डॉक्टरपर्यंत पोचवा.)

कोर्टाबाहेरून आत येणारं ओझं

सामन्यात जे फुटतं ते बऱ्याचदा सामन्यातलं नसतंच. दूध उतू जातं ते शेवटच्या क्षणी, पण गॅस आधीपासून चालू असतो.

सीझन जानेवारीत सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो. रँकिंगचे पॉइंट ५२ आठवडे टिकतात, म्हणजे गेल्या वर्षी एखाद्या स्पर्धेत सेमीफायनल खेळलात तर यंदा त्याच आठवड्यात ते पॉइंट गळतात आणि तुम्हाला परत तेवढंच कमवावं लागतं नाहीतर खाली घसरता. समजा तुमचा पगार दरवर्षी शून्यावर येतो आणि गेल्या वर्षी या महिन्यात किती चांगलं काम केलंत त्यावर यंदाची धाकधूक ठरते. जखमी झालात तरी घड्याळ चालूच. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, १२८ खेळाडू असतात, १२७ जण हरूनच घरी जातात. एटीपी आणि डब्ल्यूटीए (महिला टेनिसपटूंची संघटना) यांच्या साध्या आठवड्यातही तेच. म्हणजे चांगल्यातला चांगला प्रो सुद्धा जवळजवळ दर आठवडा पराभवाने संपवतो, विमानात बसतो, नव्या हॉटेलात उतरतो.

आणि आता त्यात भर पडलीये फोनची. २०२४ या वर्षात डब्ल्यूटीए आणि आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) यांच्या यंत्रणेने सोशल मीडियावरच्या १६ लाख पोस्ट आणि कमेंट तपासल्या, त्यातल्या सुमारे ८,००० शिवीगाळ किंवा धमकीच्या निघाल्या, ४५८ खेळाडूंना आलेल्या. आणि यातला ४० टक्के मजकूर पैज हरून चिडलेल्या लोकांचा होता. ही गोष्ट मला सगळ्यात हादरवणारी वाटली. म्हणजे कुणीतरी दुसऱ्या देशात बसून एका अनोळखी मुलीवर पैसे लावले, ती तिसऱ्या सेटमध्ये हरली, आणि हा तिच्या आईच्या मरणाच्या गोष्टी लिहितोय. ती घाम पुसून लॉकर रूममध्ये फोन उघडते आणि पहिल्यांदा हे वाचते. पुढच्या सामन्यात डबल फॉल्ट झाल्यावर ती रॅकेट आपटते तेव्हा आपण म्हणतो, एवढ्याशा गोष्टीवर?

शांत दिसणाऱ्यांचं काय

मार्डी फिश आठवतो? २०११ मध्ये जगात सातवा. २०१२ च्या यूएस ओपनमध्ये चौथ्या राउंडला समोर फेडरर, घरचं मैदान, करिअरमधला मोठा सामना. त्याच्या आदल्या सामन्यात, खेळताखेळता त्याला पॅनिक अॅटॅक आला होता. पॅनिक अॅटॅक म्हणजे धुराचा अलार्म काहीही कारण नसताना पूर्ण आवाजात वाजणं आणि बंदच न होणं, माणसाला खरंच वाटतं आपण आता मरणार. फेडररशी खेळायला गाडीतून जाताना त्याला कळलं की आपल्याला जमणार नाही, आणि तो खेळला नाही. कुठेही रॅकेट तुटली नव्हती.

नाओमी ओसाकाचं तर अजून गुंतागुंतीचं. २०१८ च्या यूएस ओपन फायनलमध्ये सेरेना विल्यम्सला आधी कोचिंगसाठी ताकीद मिळाली, मग रॅकेट तोडल्याबद्दल पॉइंट गेला, मग अंपायरला चोर म्हटल्याबद्दल गेम गेला. जगभर चर्चा झाली ती सेरेनाच्या रागाची, पंचांची, दुजाभावाची, आणि ती व्हायलाच हवी होती, पुरुषांचा असाच संताप आपण "पॅशन" म्हणून खपवून घेतो. पण त्या दिवशी २० वर्षांची ओसाका पहिलं ग्रँड स्लॅम जिंकून पोडियमवर रडत होती कारण स्टेडियममध्ये हुर्यो चालू होती. २०२१ मध्ये फ्रेंच ओपनला तिने पत्रकार परिषदांना जायला नकार दिला, १५,००० डॉलर दंड झाला, चारही ग्रँड स्लॅमनी मिळून स्पर्धेतून काढण्याचा इशारा दिला, तेव्हा तिने माघार घेतली आणि लिहिलं की २०१८ च्या त्या यूएस ओपनपासून ती डिप्रेशनशी झगडतेय. एका कोर्टावर दोन बायका, एकीचा राग सगळ्या जगाने पाहिला आणि दुसरीचं दुःख कळायला तीन वर्षं लागली.

"कोट्यवधी कमावतात, यांना कसलं डिप्रेशन"

पहिली गोष्ट, सगळे नाही कमावत. सुमित नागल भारताचा नंबर एकचा सिंगल्स खेळाडू असताना २०२३ मध्ये म्हणाला होता की त्याच्या खात्यात फक्त सुमारे ९०० युरो आहेत. कोच, फिजिओ, विमान, हॉटेल सगळं खेळाडूच्या खिशातून, महिन्याचा ठरलेला पगार नाही. हरलेला पहिला राउंड म्हणजे हिशोबाची वही उघडून बसणं.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाही पैशाने कवच मिळत नाही. अलेक्झांडर झ्वेरेव्ह घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये अकापुल्कोला डबल्सचा सामना हरल्यावर त्याने अंपायरच्या खुर्चीवर रॅकेटचे घाव घातले, अंपायर वर बसलेला असताना, पाय थोडक्यात वाचला. स्पर्धेतून हाकलला, दंड झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तोच झ्वेरेव्ह, जगात तिसरा असताना, २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या राउंडला हरून पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला की त्याला खूप एकटं वाटतंय, आत सगळं रिकामं वाटतंय, कदाचित आयुष्यात पहिल्यांदा थेरपीची गरज पडेल. खुर्चीवर घाव घालतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. हे मात्र फार कमी लोकांनी पुढे पाठवलं.

"जुने खेळाडू कसे शांत होते"

नव्हते. बर्फासारखा थंड म्हणून ज्याचं नाव घेतात तो ब्यॉर्न बोर्ग लहानपणी इतका भडकायचा की त्याच्या क्लबने त्याला काही महिने घरी बसवलं होतं. त्यानंतर त्याने कोर्टावर चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, आणि २६ व्या वर्षी खेळ सोडून दिला. यातून मी कुठलंही निदान काढत नाही, पण चेहरा शांत असणं आणि मन शांत असणं एकच असतं असं समजायचं कारण नाही. फेडरर सुद्धा लहानपणी रॅकेट फेकणाराच होता. तो शिकला. शिकता येतं, हे त्यातलं महत्त्वाचं.

अजून एक जण म्हणेल, आता तर लाईनचे निर्णय मशीन देते, भांडायचं कारणच संपलं. एटीपीच्या स्पर्धांत २०२५ पासून सगळीकडे मशीन आलं, विम्बल्डनने पण त्याच वर्षी लाईन जज काढले. पण राग कमी झाला का? त्याची दिशा बदलली फक्त. पूर्वी बॉल आत होता की बाहेर यावरून अंपायरशी भांडता यायचं, आता मशीनशी काय भांडणार, मग तो राग वळतो समोर बसलेल्या कोचकडे, आईवडिलांकडे किंवा स्वतःकडे. पुढच्या सामन्यात नीट बघा, खेळाडू पॉइंट हरला की आधी आपल्या बॉक्सकडे, म्हणजे टीम बसते त्या जागेकडे, बघून बडबडतो.

मग सगळं माफ करायचं का

अजिबात नाही. डिप्रेशन हे लाईन जजला बॉल मारायचा परवाना नाही. खुर्चीवर बसलेला अंपायर, बॉल उचलणारी लहान पोरं, यांचं पण मन आणि अंग आहे. दंड राहू दे, मोठा असू दे. पण दंडाने वागणं आवरतं, मन बरं होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात. आणि घरबसल्या टीव्हीवर बघून कुणाला आजार चिकटवणं हे ना पहिलं काम आहे ना दुसरं.

काय केलं तर फरक पडतो

दोन पॉइंटच्या मधल्या वेळेवर काम करणं, ही पहिली गोष्ट. अमेरिकन क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लोहर यांनी पूर्वीच हे पाहून ठेवलंय की चांगले खेळाडू पॉइंट संपल्यावर एका ठरलेल्या क्रमाने वागतात. आधी पाठ फिरवायची आणि शरीर ताठ ठेवायचं, म्हणजे हरल्याची देहबोली नाही. मग श्वास, खांदे सैल, नजर रॅकेटच्या तारांवर. मग पुढच्या पॉइंटचा एकच निर्णय. मग बॉल टप टप टप, दरवेळी सारखाच. तारा सरळ करत बसणारी खेळाडू तुम्ही हजारदा पाहिली असेल, त्या तारा वाकड्या झालेल्या असतातच असं नाही. तो शहाण्या माणसाला जिना उतरायला दिलेला वेळ असतो.

दुसरं म्हणजे माणूस सोबत असणं. इगा श्वियांतेक कित्येक वर्षं क्रीडा मानसशास्त्रज्ञ दारिया अब्रामोविच यांना टीममध्ये घेऊन फिरते, फिजिओ असतो तशी. यात लपवण्यासारखं काही नाही ही गोष्टच पंधरा वर्षांपूर्वी नव्हती.

तिसरं, थांबण्याची परवानगी. अॅश बार्टी किशोरवयात थकून टेनिस सोडून गेली, मधल्या काळात ब्रिस्बेन हीटकडून चक्क क्रिकेट खेळली, टीममध्ये रमली, परत आली आणि तीन ग्रँड स्लॅम जिंकली. अमांडा अॅनिसिमोव्हाने मे २०२३ मध्ये मानसिक थकव्यामुळे ब्रेक घेतला तेव्हा तिला सांगितलं गेलं होतं की एवढी सुट्टी घेतलीस तर परत वर येणं शक्य नाही. २०२५ ला ती विम्बल्डनच्या फायनलमध्ये होती. ती फायनल तिने श्वियांतेककडून ६-०, ६-० अशी हरली, ५७ मिनिटांत, साऱ्या जगासमोर. दोन महिन्यांच्या आत यूएस ओपनमध्ये परत तीच श्वियांतेक समोर आली, आदल्या रात्री हिने तो विम्बल्डनचा सामना पुन्हा लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तिला हरवलं. मला हे कुठल्याही ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं.

चौथं थोडं वेगळं आहे, दाराआड राग काढायची जागा. २०२३ ची यूएस ओपन फायनल कोको गॉफकडून हरल्यावर आर्यना सबालेंकाने कोर्टावर स्वतःला सांभाळलं, गॉफचं अभिनंदन केलं, आणि आत गेल्यावर रॅकेट आपटली. तिथेही कॅमेरा होता. तो व्हिडिओ जगभर फिरला. तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं, प्रेक्षकांसमोर नाही, लहान मुलांसमोर नाही. निदान तिथून तरी कॅमेरे काढा, एवढी साधी गोष्ट आहे ही.

आणि रुब्लेव्ह? एप्रिल २०२५ मध्ये त्याच्या टीममध्ये एक नवा कोच आला, मरात साफिन. तोच साफिन, ज्याने विसाव्या वर्षी सँप्रसला हरवून यूएस ओपन जिंकलं आणि ज्याने कारकिर्दीत किती रॅकेट तोडल्या त्याच्या दंतकथा झाल्या. रुब्लेव्ह सांगतो की औषधांचा त्याला उपयोग झाला नाही पण साफिनशी झालेल्या बोलण्यांनी स्वतःकडे बघायला लावलं (हा त्याचा अनुभव, सगळ्यांना असंच लागू पडेल असं नाही, औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका). आता रुब्लेव्ह पॉइंट हरून बॉक्सकडे वळतो तेव्हा तिथे असा एकजण बसलेला असतो ज्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही.